हवा-प्रदूषण व हवा-गुणवत्ता व्यवस्थापन : विद्यापीठीय अभ्यास

हवेत कोणती द्रव्ये किती आहेत, ती कोठून आली, वाऱ्याने ती कोठे नेली आणि उगमापाशीच ती कशी अडवावी, या प्रश्नांची उत्तरे शोधायला शिकवणारी पर्यावरणशास्त्राची व पर्यावरण अभियांत्रिकीची शाखा. भारतात तिची स्वतंत्र पदवी क्वचितच असते. एम. टेक. किंवा एम. एस्सी. करताना एक-दोन विषय, एक प्रयोगशाळा आणि प्रबंध, एवढ्यात ती शिकावी लागते. सिव्हिल, केमिकल, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र अशा निरनिराळ्या वाटांनी विद्यार्थी येथे येतात. २०२१ पासून एम. टेक. प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची वेगळी प्रश्नपत्रिका आहे. महाराष्ट्रात या कामाची मोठी केंद्रे म्हणजे पवईची आयआयटी, नागपूरची १९५८ साली स्थापन झालेली ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ ही प्रणाली पुण्याच्या संस्थेने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने उभारली.

अभ्यासाची कायदेशीर चौकट १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाची आहे. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने बारा प्रदूषकांची राष्ट्रीय मानके ठरवली. पीएम १० साठी (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या व्यासाचे धूलिकण) २४ तासांची मर्यादा १०० व वार्षिक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर पीएम २.५ साठी (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण) ती अनुक्रमे ६० व ४०. वार्षिक सरासरी मान्य होण्यासाठी एकाच ठिकाणी आठवड्यातून दोनदा, ठरावीक अंतराने, वर्षभरात किमान १०४ वेळा २४ तासांचे मापन हवे. ही अट पाठ सगळ्यांची असते, पण पंधरा दिवसांच्या मापनाची वार्षिक मानकाशी तुलना करणारे प्रबंध तरीही लिहिले जातात. अशी तुलना चूक आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यातली हवा आणि डिसेंबरमधली हवा यांत फार मोठा फरक असतो.

मोजमाप : विषयाचा पाया येथे आहे आणि अभ्यासक्रमातला सर्वाधिक वेळ येथेच जायला हवा. पीएम २.५ चा सॅम्पलर, म्हणजे हवेचा नमुना घेणारे यंत्र, मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवा मानकाच्या काठावर, ६० मायक्रोग्रॅमवर असेल, तर दिवसभरात फिल्टरवर जमणारी धूळ फक्त १.४४ मिलिग्रॅम भरते. वजनात ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली की उत्तरात चार मायक्रोग्रॅमहून अधिक फरक पडतो. म्हणून एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा सूक्ष्म तराजू लागतो. फिल्टर नमुना घेण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा, २४ तास एकाच तापमानाच्या व ५० टक्क्यांखालील आर्द्रतेच्या खोलीत ठेवावा लागतो. फिल्टर चिमट्यानेच उचलायचा. बोटाचा घामसुद्धा वजनात येतो. टेफ्लॉनचा फिल्टर स्थिरविद्युत धरतो, त्यामुळे तराजूचा आकडा सरकत राहतो. वजनापूर्वी तो भार उतरवून घ्यावा लागतो. दर खेपेस एक-दोन कोरे फिल्टर मापनाच्या ठिकाणी नेऊन, हवा न ओढता, परत आणून तोलावेत. त्यांचे वजन वाढलेले दिसले तर दोष हाताळणीत आहे.

पीएम १० साठी वापरला जाणारा श्वसनीय धूळ सॅम्पलर मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढतो. आठ तासांत ५२८ घनमीटर हवा गेली आणि फिल्टरचे वजन ०.०७९२ ग्रॅमने वाढले, तर उत्तर १५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. फिल्टर धुळीने भरत जातो तसा प्रवाह घटतो, म्हणून सुरुवातीचा व शेवटचा प्रवाह नोंदवून सरासरी घ्यायची. प्रवाह फार घटला तर नुकसान केवळ गणिताचे नसते. सॅम्पलरमधला सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवणारा भाग, ठरलेल्या वेगालाच मोठे कण बाजूला काढतो. वेग कमी झाला की जाडे कणही फिल्टरवर पोहोचतात आणि आकडा फुगतो. वीज गेलेला वेळ टायमरवरून वजा करायला विसरले, तर हवेचे घनमान जास्त धरले जाते आणि आकडा उलट खाली येतो. सॅम्पलरचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावे आणि शेजारची भिंत किंवा इमारत सॅम्पलरहून जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर मधे असावे. वसतिगृहाच्या गच्चीवर, स्वयंपाकघराच्या धुराड्याशेजारी यंत्र ठेवले तर शहराऐवजी ते धुराडेच मोजले जाते.

वायूंसाठी हवा इंपिंजर या काचेच्या नळीतल्या शोषक द्रावणातून बुडबुड्यांनी नेतात. सल्फर डायऑक्साइडसाठी वेस्ट-गेके पद्धत असून तिच्यात द्रावणाला येणारा रंग ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचतात. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी सुधारित जेकब्स-हॉकहायझर पद्धत आहे, तिचा रंग ५४० वर. नागपुरातल्या मे महिन्यात इंपिंजरमधले पाणी झपाट्याने उडते. नमुना संपल्यावर शुद्ध पाणी घालून मूळ पातळी पुरी करायची आणि नमुने बर्फाच्या पेटीत, उजेडापासून दूर न्यायचे. तापलेल्या नमुन्यातले सल्फर डायऑक्साइड विघटनाने कमी दिसते. पहिल्या पद्धतीत पारा आणि दुसरीत आर्सेनिक असल्याने उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतणे हा गंभीर गुन्हा मानावा. हवा स्वच्छ राखण्यासाठी शिकताना पाणी विषारी करणे कोणत्याही प्रयोगशाळेला शोभत नाही.

स्वस्त सेन्सर आता विद्यार्थ्यांच्या हाती आले, हे चांगलेच झाले. मात्र ते कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात, वजन नव्हे. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्या पाण्यालाही धूळ समजतो. मुंबईत असा सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी, वेगवेगळ्या ऋतूंत, काही आठवडे ठेवून दुरुस्तीचे समीकरण काढल्याशिवाय त्याचा आकडा वापरू नये.

निर्देशांक : २०१५ पासून देशभर वापरला जाणारा हवा-गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे. त्यांपैकी किमान तिघांची आकडेवारी लागते आणि तिघांत पीएम २.५ किंवा पीएम १० असलेच पाहिजे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढून सर्वांत मोठा घेतात. सरासरी काढत नाहीत. पीएम २.५ ची पातळी ७५ असेल तर उपनिर्देशांक सुमारे १५०, नायट्रोजन डायऑक्साइड ६० असेल तर ७५. त्या दिवशीचा निर्देशांक १५०, ‘मध्यम’.

प्रसरण व उगम : धुराड्यातून निघालेला लोट वाऱ्यासोबत कसा पसरतो, हे गाउसच्या समीकरणाने आणि हवा किती घुसळते हे दाखवणाऱ्या ए ते एफ या पास्क्विल स्थिरता-वर्गांनी शिकवतात. त्याआधी साधा हिशेब यावा. कोळशात ०.५ टक्के गंधक असेल आणि तासाला १० टन कोळसा जळत असेल, तर ५० किलो गंधकापासून १०० किलो सल्फर डायऑक्साइड होतो. धुराड्याची उंची भारतीय नियमाप्रमाणे या किलोंच्या ०.३ घाताला १४ ने गुणून काढतात, म्हणजे सुमारे ५६ मीटर. कोणत्याही स्थितीत ३० मीटरपेक्षा कमी नाही. गाउसच्या समीकरणात वाऱ्याचा वेग छेदात असतो. वारा पडला की उत्तर अमर्याद होते, म्हणून वारा नसलेले तास गणनेतून वगळण्याचा प्रघात आहे. पुण्यात किंवा नागपुरात हिवाळी रात्री, तापमानाचे व्युत्क्रमण होऊन, म्हणजे वरची हवा उबदार राहून, थंड हवा जमिनीलगत कोंडलेली असताना, नेमके तेच तास सर्वांत वाईट असतात. मुंबईत अडचण वेगळी : रात्री भूवाऱ्याने समुद्रावर गेलेली धूळ दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येते, आणि सरळ रेषेत जाणारा लोट गृहीत धरणाऱ्या गणिती प्रतिमानाला हे परतणे दिसत नाही.

धूळ कोणाची, हे रासायनिक पृथक्करणावरून ठरवतात. येथे फिल्टरची निवड कळीची : कार्बन मोजायला क्वार्ट्‌झ, मूलद्रव्ये मोजायला टेफ्लॉन. क्वार्ट्‌झमध्ये स्वतःचेच सिलिकॉन असल्याने, सिलिकॉन हीच खूण असलेल्या मातीचा माग त्यावर काढता येत नाही. टेफ्लॉन स्वतः कार्बनी असल्याने त्यावर कार्बन मोजता येत नाही. लाकूड व पालापाचोळा जळाल्याची खूण लेव्होग्लुकोसन हे सेंद्रिय संयुग देते. रस्त्यावरची धूळ, शेतातली माती आणि बांधकामाची धूळ मात्र रासायनिकदृष्ट्या इतकी जवळची असतात की संगणक त्यांची वाटणी मनमानी करू शकतो. अशा वेळी उत्सर्जनाची, म्हणजे कोणता उगम किती धूळ सोडतो याची, यादी शेजारी ठेवून ताळा पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात मुंबईचे काम नीरीने व पुण्याचे ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेने केले; त्याचे अहवाल विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावेत.

नियंत्रण : सायक्लोन, पिशवी-गाळणी, विद्युतभाराने धूळ पट्ट्यांवर ओढणारा स्थिरविद्युत अवक्षेपक आणि पाण्याने धूर धुणारा घासक ही मुख्य साधने. अवक्षेपकाची कार्यक्षमता ९० वरून ९९ टक्के करायला, इतर गोष्टी तशाच राहिल्या तर, पट्ट्यांचे क्षेत्रफळ दुप्पट लागते, ९९.९ साठी तिप्पट. भारतीय कोळशात राख ३० ते ४० टक्के आणि गंधक कमी, त्यामुळे राखेचा विद्युतरोध वाढतो, पट्टीवरच्या थरात उलटी ठिणगी पडते आणि पकडलेली धूळ पुन्हा उडते. चंद्रपूरसारख्या, औष्णिक वीज आणि कोळसा खाणी एकत्र असलेल्या जिल्ह्यात हे प्रकरण प्रत्यक्ष पाहून शिकता येते. धुराड्यातला नमुना घेताना नळीच्या तोंडाशी वेग धुराड्यातल्या वेगाइतका, ९० ते ११० टक्क्यांच्या आत, ठेवावा लागतो. तो कमी पडला तर हवा बाजूने निसटते, जड कण मात्र सरळ नळीत शिरतात आणि कारखाना आहे त्याहून अधिक दोषी ठरतो. जास्त झाला तर खरा दोषी सुटतो.

प्रबंधासाठी निदान हिवाळा व उन्हाळा असे दोन ऋतू धरावेत आणि प्रत्येक नमुन्यासोबत वाऱ्याची दिशा व वेग, आर्द्रता, प्रवाह, वीज गेल्याची वेळ आणि शेजारी घडलेले काही विशेष, जसे की कचरा पेटला किंवा रस्ता खोदला, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. बाद केलेला नमुनाही कारणासह वहीत राहावा.