संकेतस्थळ नोंदणी (शोधयंत्रे व निर्देशिका)

संकेतस्थळ नोंदणी : नव्या संकेतस्थळाचा पत्ता, नाव आणि थोडक्यात ओळख शोधयंत्राला (सर्च इंजिन) किंवा निर्देशिकेला (विषयवार लावलेली संकेतस्थळांची यादी) मालकाने स्वतः विनामूल्य कळवण्याची पद्धत. बोलताना मराठी लोक ‘साइट सबमिट करणे’ असेच म्हणतात. साधारण १९९४ ते २००५ या काळात नवे संकेतस्थळ उभे राहिले, की पहिले काम हेच असे.

शोधयंत्रात नोंद करणे आणि निर्देशिकेत नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत. शोधयंत्राला पत्ता पुरतो. पुढचे वाचन त्याची आज्ञावली (प्रोग्राम) करते. निर्देशिका माणसे रचतात. तिथे योग्य विषयवर्ग शोधावा लागतो, शीर्षक आणि दोन ओळींचे वर्णन लिहावे लागते आणि संपादक स्वतः संकेतस्थळ उघडून पाहीपर्यंत थांबावे लागते.

या पद्धतीचे मूळ रूप ‘अलीवेब’ या सुरुवातीच्या शोधयंत्रात दिसते. मार्टाइन कोस्टर यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये ते जाहीर केले. मालकाने आपल्या पानांची सूची ठरावीक स्वरूपात स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची आणि तिचा पत्ता अलीवेबला द्यायचा, अशी ती रचना होती. स्वतःच्या पानांचे वर्णन मालकाइतके नेमके कोण करणार, हा विचार योग्यच होता. पण एवढे कष्ट घेणारे थोडे निघाले. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी आवडत्या संकेतस्थळांची यादी करायला घेतली आणि त्यातून ‘याहू’ची निर्देशिका उभी राहिली. व्यावसायिक संकेतस्थळांना तिथे पुढे पैसे मोजावे लागू लागले. ही निर्देशिका डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली.

डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ या शोधयंत्राने पत्ता टाकण्यासाठी खुले पान दिले. लवकरच स्वयंचलित आज्ञावल्या तिथे पत्त्यांचे ढीग ओतू लागल्या. त्यांना अडवण्यासाठी आंद्रेई ब्रॉडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वेडीवाकडी अक्षरे असलेले चित्र दाखवून ती अक्षरे टंकायला लावण्याची युक्ती काढली. आज तिकीट काढताना किंवा परीक्षेचा अर्ज भरताना जो ‘कॅप्चा’ पुढ्यात येतो, त्याचा एक आरंभ या नोंदणीच्या पानावर झाला आहे. एकच अर्ज भरून अनेक ठिकाणी नोंद करून देणारी ‘सबमिट इट’ ही सेवाही याच काळातली. स्कॉट बॅनिस्टर यांनी ती सुरू केली होती.

या साऱ्यांत सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ म्हणजे ‘डीमॉझ’चा. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा, बॉब ट्रूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्नूहू’ या नावाने तो सुरू केला. नाव बदलून ‘न्यूहू’ झाले आणि त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने प्रकल्प विकत घेतला. काम स्वयंसेवक संपादकांचे होते आणि नोंदीला एक पैसाही लागत नसे. वर्णनात ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’ असली विशेषणे चालत नसत; संकेतस्थळावर काय आहे एवढेच सांगायचे. जाहिरातीच्या भाषेपासून अलिप्त राहण्याची ही शिस्त वेबवर तेव्हाही दुर्मीळ होती, म्हणून तिची आवर्जून आठवण ठेवायला हवी.

डीमॉझची माहिती कोणालाही उचलून वापरता येई. गूगलनेही २००० पासून आपली निर्देशिका तिच्यावरच उभी केली होती. त्यामुळे डीमॉझमधली एक नोंद असंख्य ठिकाणी उमटत असे. नोंदीला त्यातूनच मोल आले आणि त्याच मोलाने तिची कोंडी केली. अर्जांचा पूर आला, संपादक अपुरे पडले आणि काही अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. नाकारलेल्या अर्जाला उत्तर जातच नसे. काही संपादक प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी अडवून ठेवतात, असे आरोपही झाले. ऑक्टोबर २००६ मध्ये सर्व्हर कोसळला आणि संपादनाचे काम सुमारे दोन महिने ठप्प झाले. १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझ बंद झाली. तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे, सुमारे १० लाख वर्ग आणि ९० भाषा होत्या. जुन्या संपादकांनी हे काम पुढे ‘कर्ली’ या नावाने सुरू ठेवले.

मराठी वेबला माणसांनी केलेल्या याद्यांची गरज अधिकच होती. युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरे साठवण्याची सामाईक संगणकीय पद्धत) रुळण्यापूर्वी बरीच मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटमध्ये लिहिलेली असत. वाचकाला पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असत. शोधयंत्राच्या दृष्टीने तो सारा मजकूर निरर्थक रोमन जुळणी होता; ‘तुकाराम’ शोधून तुकारामांचे पान सापडणे शक्य नव्हते. पान उघडून, वाचून, हे कशाबद्दल आहे ते नोंदवणारा माणूसच ही दरी भरून काढू शके. भारतीय संकेतस्थळांसाठी मुंबईच्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्ड समूहाचे ‘खोज’ हे शोधस्थळ होते. हा समूह सत्यम इन्फोवे या कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना विकत घेतला. पुढे युनिकोडमधून मराठी अनुदिन्या (ब्लॉग) लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा ‘मराठी ब्लॉग विश्व’वर आपली अनुदिनी नोंदवणे ही लेखकांची जवळपास रीतच झाली. पुण्यातला आणि परदेशातला मराठी लिहिणारा तिथे एकाच यादीत भेटे.

पानांवरच्या दुव्यांवरून (लिंक) दुव्यांवर जात शोधयंत्रे नवी पाने स्वतःच शोधू लागली, तशी नोंदणीची निकड ओसरली. शोधनिकालांत वर येण्यासाठी दुव्यांची संख्या वाढवण्यापुरत्या निघालेल्या मोफत निर्देशिकांनी या पद्धतीची उरलीसुरली पत घालवली. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि अशा दुव्यांचा लाभ घेऊ पाहणारी संकेतस्थळे निकालांत मागे पडली. ‘हजार शोधयंत्रांत नोंद करून देतो’ अशा जाहिराती अजून दिसतात. त्यांवर पैसे घालवू नयेत. लोक खरोखर वापरतात अशी शोधयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

गूगलने कोणालाही पत्ता टाकता येणारे आपले पान जुलै २०१८ मध्ये बंद केले. आता मालकी सिद्ध करून गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या सेवेतून विनंती करता येते किंवा ‘साइटमॅप’ देता येतो. साइटमॅप म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची फाइल. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. हा संकेत गूगलने २००५ मध्ये मांडला आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्ट त्यात सामील झाले. मालकाने सूची स्वतःकडे ठेवायची आणि तिचा ठिकाणा कळवायचा, ही अलीवेबची जुनीच रीत त्यात आहे. २०२१ पासून ‘बिंग’ आणि ‘यांडेक्स’ या शोधयंत्रांना ‘इंडेक्सनाऊ’ या संकेताद्वारे पान बदलताच कळवता येते. नोंद करण्यापूर्वी आपले पान शोधयंत्राच्या सूचीत आधीच आहे का, हे शोधचौकटीत ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि त्याला जोडून आपला पत्ता टाकून पाहता येते.