एका दिवसात शिकलेले टाके

तज्ज्ञ डॉक्टरांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा शेवट ठरलेला असतो. प्रमाणपत्र, फोटो आणि 'अभ्यासक्रम कसा वाटला?' असं विचारणारा कागद. बहुतेक खुणा 'उत्तम'वर पडतात आणि आयोजक खूश होतात. प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक डॉनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, फरक पडला का. हा कागद पहिलीच पायरी मोजतो.

मग शेवटी परीक्षा घेतली तर? तीही फसवते! टोरांटोत ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. सत्रं चारच. एका गटाला चारही एकाच दिवशी, दुसऱ्याला आठवड्याला एक. प्रशिक्षण संपताच पाहिलं तर दोन्ही गट सारखेच. महिन्यानंतर भूल दिलेल्या उंदरावर तेच काम करायला लावलं, तेव्हा आठवड्याचा गट सरस ठरला (२००६).

असं का होतं, हे मला फार आवडतं. आठवणीला दोन मापं असतात: ती किती खोल रुजली आणि आत्ता किती पटकन हाती लागते. सकाळी शिकलेला सुईचा कोन दुपारी हाताशीच असतो. शोधावा लागत नाही. आठवड्याने मात्र बोटं अडखळतात, मेंदूला तो कोन शोधून काढावा लागतो, आणि त्या शोधण्यानेच तो खोल रुजतो. थोडं विसरणं हा शिकण्याचाच भाग.

फळमाश्यांमध्येही हेच दिसतं. एका वासासोबत विजेचा झटका असे दहा धडे सलग दिले, तर आठवण काही दिवसांत पुसली जाते. प्रत्येक दोन धड्यांमध्ये १५ मिनिटांची विश्रांती दिली की ती आठवडाभर टिकते. अशा टिकाऊ आठवणीसाठी चेतापेशींत नवी प्रथिनं बनावी लागतात: पेशीतला क्रेब नावाचा रेणू जनुकं चालू करतो, जनुकांवरून प्रथिनं तयार होतात आणि पेशींमधले सांधे बदलतात. धड्यांची घाई केली की ही साखळी नीट सुरूच होत नाही.

जाता जाता: 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के' हा त्रिकोण प्रशिक्षकांच्या स्लाइडवर हमखास असतो. त्या गोल आकड्यांमागे एकही प्रयोग नाही. डॉक्टरांनी तरी पुरावा मागावा!

चौथी पायरी, म्हणजे 'फरक पडला का', गाठणं अवघड, पण अशक्य नाही. शिकागोत निवासी डॉक्टरांना मोठ्या शिरेत नळी घालण्याचा सराव आधी पुतळ्यावर दिला. ठरलेली पातळी गाठेपर्यंत कुणालाच पुढे सोडलं नाही. अतिदक्षता विभागात नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) ३.२० वरून ०.५० वर आला (२००९).

तज्ज्ञांना रजा मिळते दोनच दिवस, ही अडचण खरी. पण ते दोन दिवस सलगच हवेत, असं कुठे आहे? एक आत्ता घ्या, दुसरा महिन्याने. आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात व्याख्यानाने नको. आल्या आल्या सुई हातात द्या आणि महिन्यापूर्वीचं काय उरलंय ते बघा.