मनगट लचकलं की मोडलं? अंगठ्याखालचा खड्डा दाबून बघा

पावसाळ्यात धुऱ्यावरून पाय घसरला की माणूस हात टेकूनच पडतो. मनगट ठणकतं, तालुक्याच्या दवाखान्यात फोटो काढतात, ‘हाड शाबूत आहे’ म्हणतात. घरी हळद-चुन्याचा लेप लागतो. बहुतेक वेळा ती लचकच असते. पण कधी कधी अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड नावाचं हाड तडकलेलं असतं. मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी सगळ्यांत जास्त मोडतं ते हेच. भेग केसाएवढी, हाड जागचं हललेलं नाही, मग पहिल्या फोटोत दिसणार काय?

सुजेवर जाऊ नका. लचकेतही मनगट टम्म फुगतं, आणि मोडलेल्या स्कॅफॉइडवर कधी जेमतेम सूज असते. हात वाकडाही दिसत नाही.

फरक कळतो तो जागेवरून. अंगठा वर ताणा. त्याच्या बुडाशी दोन शिरा दोरीसारख्या उभ्या राहतात, मधे खड्डा पडतो. पूर्वी लोक इथेच तपकिरीची चिमूट ठेवायचे. तो खड्डा बोटाने दाबा, मग दुसऱ्या हाताचाही दाबून बघा. लचकेत दुखणं बहुधा मनगटभर पसरलेलं असतं. इथे नेमकी कळ आली, किंवा अंगठा मनगटाकडे दाबल्यावर आली, तर हाड मोडलंय असं धरूनच चाला. लचकेतही कधी इथे दुखतं, हे खरं. पण विनाकारण पट्टी बांधली तर दोन आठवडे जातात, मोडलेलं हाड नजरेतून सुटलं तर मनगट जातं.

कारण या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून मागे मनगटाकडे येतं. मधेच मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, कधी मरतोही. हाड जुळत नाही, पुढे सांधा झिजतो. आणि दुखणं मधल्या काळात कमी होतं, यातच माणूस फसतो. तो पाठीवर पंप घेऊन फवारणीला लागतो, विळा धरतो. काही महिन्यांनी मूठ आवळत नाही.

म्हणून संशय असेल तर अंगठ्यासकट आधारपट्टी बांधून घ्या आणि चोळू देऊ नका. 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढा, तोही स्कॅफॉइडसाठी वेगवेगळ्या कोनांतून. तोवर भेगेच्या कडा झिजून रेघ दिसू लागते. तरीही फोटो कोरा आणि खड्डा दुखतोच, तर एमआरआयसाठी नागपूर किंवा अमरावती गाठा.