ट्रकच्या चासीचा गंज

मालट्रकचे इंजिन, केबिन, हौदा आणि माल ज्या पोलादी सांगाड्यावर पेलले जातात त्याला बोलीत चासी म्हणतात. दोन लांब चॅनल (खोलगट पोलादी तुळया) आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडणारे क्रॉस मेंबर, अशी तिची घडण असते. पाणी आणि प्राणवायू मिळाला की पोलाद गंजते. मीठ असेल तर फार वेगाने गंजते, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे.

कोकण किनाऱ्यावर ही सारी कारणे एकत्र येतात. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, वारा खारा असतो. सर्वांत जास्त सोसतात त्या मासळीच्या गाड्या. वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकते, तेही भर उन्हाळ्यात.

उघड्यावर दिसणारा तांबूस थर सहसा वरवरचा असतो. पोखरणारा गंज लपून बसतो: हौद्याखालच्या लाकडी पट्टीखाली, दुहेरी चॅनलच्या फटीत, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटमागे, कोपऱ्यांत साचलेल्या चिखलात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे फटीतला गंज फुगून दोन चॅनल एकमेकांपासून ढकलतो आणि रिव्हेट तुटतात. जुनी गाडी घेताना हातोडीने ठोकून पाहणे हीच खात्रीची पहिली तपासणी. शाबूत पोलाद खणखणीत वाजते. पोखरलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि हाताएवढी खपली खाली पडते.

गंज काढताना आधी गोड्या पाण्याने जोरात धुवावे, कारण मीठ ब्रशने जात नाही. मग खपल्या ठोकून काढायच्या, वायर ब्रश किंवा ग्राइंडर फिरवायचा. ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने कठीण कणांचा मारा, उत्तम. साधी रेती मात्र मारू नये, तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. खाचखळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावतात. टॅनिनने तो काळानिळा, स्थिर होतो. सह्याद्रीतल्या हिरड्यात हेच टॅनिन असते. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी काळी शाई करत. सैल खपलीवर मात्र हे द्रावण वाया जाते.

त्यानंतर प्रायमर. गॅरेजमध्ये सर्रास मारला जाणारा रेड ऑक्साइड म्हणजे स्वतःच लोखंडाचे ऑक्साइड. तो पृष्ठभाग झाकतो, पण गंज रोखणारे रसायन त्यात असेलच असे नाही. झिंक फॉस्फेटयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात रंग, हे खर्चिक असले तरी टिकते. फटींत रंग पोचत नाही, तिथे पातळ मेणाचा फवारा मारावा. पाणी निघून जाण्याची भोके अंडरकोटिंगने (गाडीच्या खालून मारायच्या जाड लेपाने) बुजवू नयेत. चासीला जळके ऑइल चोपडण्याची रीत सोडून द्यावी: पावसात ते धुऊन रस्त्यावर आणि शेतात जाते, रबरी बुश खराब करते, आणि उरलेल्यावर धूळ बसून ओल धरली जाते.

चॅनलला भोक पडले असेल, तर वरून पत्र्याचे ठिगळ मारून रंग फासणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ. दुरुस्ती कंपनीच्या सूचनेप्रमाणेच करावी, कारण चुकीच्या जागच्या वेल्डिंगलगत तडा जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवणे आवश्यक. ८ वर्षांवरील मालवाहू गाडीला फिटनेसचा (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा) दाखला दरवर्षी लागतो, पण तपासणीच्या दिवशीचा ताजा काळा रंग आतली पोकळी लपवू शकतो.

रंगाला मुहूर्त हवामानाचा लागतो. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त नसेल, तर त्यावर नकळत दव धरते आणि रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. गाड्या रिकाम्या असतात, पण तेच दोन महिने रंगकामाला सर्वांत वाईट. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये, हंगाम चालू असतानाच दिवस काढून उरकावे लागते. बंदीच्या काळात गाडी गोड्या पाण्याने धुऊन, हौद्याखालचा चिखल काढून, शेडमध्ये वाऱ्यावर उभी करावी.