चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात जाड पुठ्ठ्याची एक जुनी डायरी आहे. १ जानेवारीच्या पानावर तारखेखाली रेघ मारून, सुवाच्य अक्षरात पानभर मजकूर लिहिलाय. पुढचे काही दिवसही तसेच. मग अक्षर घाईचं होत जातं, मजकूर अर्ध्या पानावर येतो, ११ तारखेला चारच ओळी उरतात. १९ जानेवारीला एकच वाक्य आहे: ‘काल लिहायला जमलं नाही, उद्या दोन्ही दिवसांचं सविस्तर लिहीन.’ त्यापुढची सगळी पानं कोरी.

ते वाक्य मी कित्येक वर्षं स्वतःच्या आळसाचा पुरावा म्हणून वाचत आले. संकल्प का टिकतात आणि का मोडतात यावरचं संशोधन वाचायला लागले, तेव्हा त्यातलं दुसरंच काहीतरी दिसलं. १८ तारखेला लिहायचं राहिलं, त्याने फारसं बिघडलं नव्हतं. १९ ला मी थकबाकी डोक्यावर घेतली आणि २० तारखेचं काम दुप्पट करून ठेवलं. डायरी बंद पडली ती तिथे.

अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात नव्या वर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. आठवडा उलटला तेव्हा ७७ टक्के लोक संकल्प पाळत होते. महिन्याने ५५ टक्के उरले, सहा महिन्यांनी ४० आणि दोन वर्षांनी १९. ही उतरती भाजणी दाखवून ‘संकल्प करण्यात काही अर्थ नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र क्वचितच कोणी सांगतं. जे शेवटी यशस्वी ठरले, त्यांच्यातल्या ५३ टक्के लोकांचा पाय मध्ये एकदा तरी घसरला होता आणि दोन वर्षांत अशा घसरण्यांची सरासरी १४ भरली. चौदा! माझी डायरी पहिल्याच चुकीला संपली होती.

संकल्प करणं व्यर्थ आहे, हेही खरं नाही. नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. एका बाजूला संकल्प केलेले लोक होते. दुसऱ्या बाजूला तसाच बदल हवा असलेले, पण संकल्प न केलेले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४६ टक्के टिकून होते, दुसऱ्या गटातले अवघे ४. ही सगळी माहिती लोकांनी फोनवर स्वतःच सांगितलेली, त्यामुळे आकडे थोडे सैल धरावेत. तरीही दोन्हींतलं अंतर मोठं आहे. ठरवण्याला बळ असतं, प्रश्न ते पुढे कुठे गळतं हा आहे.

त्या गळतीची एक जागा १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या प्रयोगात दिसली. चवीची परीक्षा आहे असं सांगून त्यांनी विद्यार्थिनींना बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना काहीच दिलं नाही. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवून सांगितलं, हवं तेवढं खाऊन चव कशी आहे ते नोंदवा. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं असताना हे साहजिकच. पण वजनाच्या धास्तीने मोजूनमापून खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. दिवसाचा नियम मोडला होता, आता राखायचं काय?

यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: एवीतेवी. एवीतेवी आज उशीर झालाच आहे, एवीतेवी हा आठवडा वायाच गेलाय, एवीतेवी जानेवारी संपत आला. मिल्कशेकमधल्या कॅलरींपेक्षा या ‘एवीतेवी’ने त्या मुलींना जास्त खायला लावलं.

व्यसनमुक्तीवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी याच्या खालचा थर दाखवला. एकदा पाय घसरणं आणि पुन्हा पूर्वीच्या खड्ड्यात जाऊन राहणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीतून दुसरी घडेल की नाही, हे बरंचसं त्या चुकीचा अर्थ आपण कसा लावतो यावर ठरतं. ‘माझ्यात जिद्दच नाही’ असा अर्थ लावला, तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही, कारण स्वभाव रातोरात कोण बदलणार? ‘त्या दिवशी घरी यायला उशीर झाला, भूक लागली होती आणि समोर बशी भरलेली होती’ असा अर्थ लावला, तर तीन गोष्टी हाती लागतात आणि तिन्हींवर काही ना काही करता येतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. चुकीची कारणं शोधताना स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याऐवजी त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं हे बघायचं, एवढाच तो आहे.

नव्या वर्षाची तारीख मुळात ओढ का लावते, तेही इथे थोडक्यात सांगायला हवं. हेंगचेन दाई, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ‘डाएट’ या शब्दाचा गूगलवरचा शोध आणि व्यायामशाळेतल्या फेऱ्या आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला वाढतात. तारखेची रेघ ओलांडली की जुन्या चुका मागच्या ‘मी’च्या खात्यावर टाकता येतात. सुरुवात करायला हे बळ उत्तम आहे. पण तीच सवय उलटतेही. बुधवारी चुकलं की माणूस गुरुवारऐवजी पुढचा सोमवार गाठू पाहतो, आणि मधले चार दिवस सुट्टीत जमा होतात.

आता सवयीकडे. ‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते कुठल्या तरी प्रयोगशाळेतून आलं असावं असंच वाटतं. त्याचं मूळ १९६० साली मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळला, चेहराही गळला आणि आकडा तेवढा राहिला.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे खरोखर मोजून पाहिलं. ९६ स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी कृती निवडली आणि रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडून ८४ दिवस केली. ती कृती किती आपसूक होते, याची ते नोंद ठेवत. आपसूकपणा कमाल पातळीजवळ पोहोचायला लागलेले दिवस मांडले, तर मधली किंमत ६६ आली. पण कुणाला १८ दिवस पुरेसे होते, तर कुणाचा, ८४ दिवसांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून काढलेला, हिशेब २५४ दिवसांपर्यंत जात होता. एक ग्लास पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायाम रेंगाळतो. म्हणजे ६६ लाही नवा मंत्र बनवू नये. मला या अभ्यासातली एक छोटी नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या एकूण वाटचालीत लक्षणीय फरक पडला नाही.

असं का व्हावं, याचा एक धागा मेंदूत मिळतो. एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी ‘टी’ आकाराच्या वाटेवर सोडलं जाई. आवाजाची खूण ऐकून योग्य बाजूला वळलं, की शेवटी खाऊ. मेंदूच्या खोलात स्ट्रायटम नावाचा भाग आहे, त्यातल्या पेशींची हालचाल शास्त्रज्ञ टिपत होते. शिकताना सुरुवातीला या पेशी पूर्ण वाटभर सक्रिय असत. वाट पाठ झाली, तशी त्यांची सक्रियता सुरुवातीला आणि शेवटी एकवटली, जणू अख्ख्या धावेला दोन्ही बाजूंनी कंस पडले. कंस उघडला की मधलं सगळं न ठरवता घडतं. मग संशोधकांनी खाऊ जवळजवळ बंद केला, आणि हा आकृतिबंध विरत गेला. खाऊ पुन्हा सुरू केल्यावर तो झपाट्याने परतला. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. जुनी वाट दिसेनाशी झाली, तरी तिचा माग मेंदूत कुठेतरी राहिलेला असतो. वाईट सवयी पुन्हा डोकं का वर काढतात, याचं हे एक स्पष्टीकरण आहे. चांगल्या सवयीतला खंड भरून निघायची आशाही मला त्यातच दिसते.

मग कंस उघडणारी खूण कशी ठरवायची? जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं उत्तर साधं आहे: ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन’ अशा शब्दांत. त्यांनी विद्यार्थ्यांना काम दिलं, की नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांच्या आत लिहून पाठवा. निम्म्यांना आधीच विचारून ठेवलं, की नेमकं कधी आणि कुठे बसून लिहाल. अशी वेळ-जागा ठरवलेल्यांपैकी ७१ टक्क्यांनी वेळेत काम पूर्ण केलं, बाकीच्यांतल्या ३२ टक्क्यांनी. ब्रिटनमध्ये सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये व्यायामाबद्दल असंच तपासलं. व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर नुसता वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, तर त्याच्या जोडीला दिवस, वेळ आणि जागा लिहून काढलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी. उमेद वाढवण्याच्या भाषणांवर आपण जेवढा भरवसा टाकतो, तेवढा या एका ओळीच्या लिखाणावर टाकत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

या ‘जर-तर’चा सर्वांत चांगला उपयोग चुकीसाठी होतो, असं माझं मत झालंय. केटी मिल्कमन, अँजेला डकवर्थ आणि बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या ६१,२९३ सभासदांवर प्रेरणेच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या चार आठवडे वापरून पाहिल्या. निकाल २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पहिला क्रमांक कुणाचा? व्यायामाचा दिवस चुकल्यावर पुन्हा परत येणाऱ्याला अगदी चिमूटभर बक्षीस देणाऱ्या युक्तीचा. सगळ्यात जास्त परिणाम परतण्याचं कौतुक केल्याने झाला. चार आठवडे संपल्यावरही परिणाम टिकलेल्या युक्त्या मात्र ८ टक्केच निघाल्या. कोणतीही युक्ती एकदा लावून विसरून जाण्यासारखी नसते, हेही त्यातून कळतं.

म्हणून संकल्पाच्या वहीत पहिल्याच दिवशी एक ओळ चुकीसाठी लिहावी: ‘चुकलं, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी, नेहमीपेक्षा कमी काम करून परत सुरू.’ कमी, हे महत्त्वाचं. भरपाई म्हणून दुप्पट धावायचं ठरवलं, की दुसऱ्या दिवशीचा उंबरठाच उंच होतो. मारिसा शरीफ आणि सुझन शू यांच्या प्रयोगांत कडक ध्येयाबरोबर थोड्या ‘राखीव’ सुट्ट्या आधीच हाती दिलेल्यांची कामगिरी सरस ठरली. सात दिवसांचं ध्येय आणि दोन दिवस अडीअडचणीला. गंमत म्हणजे राखीव दिवस उगाच खर्च करायला लोक नाखूश असतात, आणि चूक झालीच तर ती नियमातच बसते, मग ‘एवीतेवी’ला जागा राहत नाही.

रोजची नोंद ठेवणं फायद्याचं असतं, याबद्दल आता फारसा वाद नाही. २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रगती नोंदवणाऱ्यांची ध्येयं अधिक गाठली गेलेली दिसली. फक्त मोजायचं काय, ते बघून ठरवावं. सलग किती दिवस झाले हे मोजणारी अनेक अ‍ॅप्स असतात. साखळी चालू आहे तोवर ती ओढून नेते. पण जॅकी सिल्व्हरमन आणि अलिक्झांड्रा बराश यांच्या संशोधनानुसार साखळी तुटल्याचं ठळकपणे दाखवलं, की लोकांचा ते काम पुढे करण्याचा कल कमी होतो. मी महिन्याची बेरीज मोजते. एकतीसपैकी चोवीस दिवस. एका रिकाम्या चौकटीने चोवीस भरलेल्या चौकटी पुसल्या जात नाहीत.

ध्येय निवडतानाही दोन गोष्टी बघाव्यात. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘अमुक सुरू करीन’ म्हणणाऱ्यांपैकी ५८.९ टक्क्यांनी वर्षअखेरीस आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं, तर ‘अमुक सोडीन’ किंवा ‘टाळीन’ म्हणणाऱ्यांपैकी ४७.१ टक्क्यांनी. ‘फोन कमी’ या संकल्पात करायचं असं काहीच नसतं, ‘जेवल्यावर वीस मिनिटं वाचन’ यात असतं. दुसरं, केटलिन वूली आणि आयलेट फिशबॅक यांनी संकल्प केलेल्यांना विचारून पाहिलं, तेव्हा लांबच्या फायद्याच्या महत्त्वापेक्षा ते काम करताना मिळणारा आनंद टिकून राहण्याशी जास्त जोडलेला आढळला. निवडताना आपण लांबचा फायदा बघतो, रोज सकाळी उठवतो तो जवळचा आनंद. पोहायला आवडत असेल, तर धावण्याचे बूट घेऊ नयेत.

माझी वही आता जेवणाच्या टेबलावर असते. रात्री पाण्याची बाटली भरून ठेवली की ती उघडायची आणि तीन ओळी लिहायच्या. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नियम लिहिलाय: राहून गेलेल्या दिवसांचं लिहायचं नाही, आजची तारीख घालायची. गेल्या वर्षीच्या वहीत ६ ऑगस्टनंतर थेट १७ ऑगस्ट येतो. मधले दिवस घरात आजारपण होतं. १७ तारखेखाली लिहिलंय: ‘ताप उतरला. दुपारी खिडकी उघडली. ऊन टेबलापर्यंत आलं होतं.’