कारण वेगळं, सबब वेगळी

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानात चादरी बघायला बसलं की पोरगा गठ्ठ्यातून एक ओढतो आणि म्हणतो, "काकू, हीच घ्या की. मळखाऊ रंग हाय, पोराटोरांच्या घरात हीच बरी." बोलणं खोटं नसतं. पण वीस चादरींतली नेमकी हीच आधी बाहेर का आली? गड्डा यात्रा सरली तरी तो गठ्ठा हलला नाही, म्हणून मालकाने सकाळीच बजावलेलं असू शकतं. ते कारण. मळखाऊ रंग ही सबब. (कोर्टाच्या कागदात 'सबब' म्हणजे 'म्हणून', मी इथे बोलण्यातला अर्थ घेतोय.)

ॲपवर शिफारशीखाली जी 'हे का दाखवलं' अशी ओळ येते, तिच्यात हाच घोळ आहे.

पूर्वी तो कमी होता. 'ही वस्तू घेणाऱ्यांनी हेही घेतलं' ही ॲमेझॉनची ओळ घ्या. तिथल्या अभियंत्यांनी 2003 साली लेखात मांडलेली पद्धत खरोखरच खरेदीवरून वस्तूंच्या जोड्या जुळवते. म्हणजे ओळ हेच कारण. पुढे नेटफ्लिक्सने 10 लाख डॉलरची स्पर्धा ठेवली (2006 ते 2009), आणि तिच्यात वेगळी तऱ्हा गाजली: प्रत्येक प्रेक्षकाला आकड्यांची एक माळ, प्रत्येक सिनेमाला एक माळ, दोन्हींचा गुणाकार करून बेरीज. अंदाज चांगला येतो. पण त्या आकड्यांना नावं नसतात. मग ग्राहकाला सांगायचं काय?

इथे भाषेचं मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारखं मजकूर लिहिणारं यंत्र, कामाला येतं. त्याला तुमची जुनी खरेदी आणि सुचवलेला टॉवेल दिला की ते लिहितं, "तुम्हाला सुती, टिकाऊ वस्तू आवडतात, म्हणून." वाचायला गोड. पण आकड्यांची माळ त्याने पाहिलेलीच नाही! दोन टोकं हातात दिली, त्याने मधला धागा विणला.

यावर उपाय म्हणजे शिफारस यंत्रणेच्या पोटातलं मॉडेलला देणं: कुठल्या जुन्या खरेदीचं किती वजन पडलं ते सांगायचं, आणि मॉडेलने फक्त शब्द द्यायचे. 2023 मधल्या 'रेकएक्सप्लेनर' या कामात तर मॉडेलला शिफारस यंत्रणेची नक्कल करायला आणि तिच्या आतल्या आकड्यांच्या माळा वाचायला शिकवलं. तरी मला पुरती खात्री वाटत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, मॉडेलला आधी दाखवलेल्या नमुन्याच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं मुद्दाम नेहमी 'अ' पर्यायावर ठेवली होती. मग नव्या प्रश्नालाही मॉडेलं 'अ'कडे झुकली, पण आपल्या लेखी युक्तिवादात त्याचा उल्लेख टाळून भलतीच कारणं देत राहिली.

म्हणून तपासणी शब्दांची नको, बदलाची हवी. 'चादर घेतलीत म्हणून टॉवेल' असं म्हणता ना? मग इतिहासातून चादर काढा आणि यंत्रणा पुन्हा चालवा. टॉवेल जागचा हलला नाही, तर ती सबब होती.

टॉवेलपुरती सबबही चालते. मळखाऊ रंग कळला तरी उपयोगच आहे. पण कर्ज किंवा नोकरी सुचवताना मला कारणच हवं. दुकानातल्या पोराला निदान विचारता येतं, "मालकाने सांगितलंय का रे?" आणि तो हसतो.