‘दोन इयत्ता मागे’ नसलेली मुलं: एका निकषाची पार्श्वभूमी

शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीसाठी, सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्ये घेतला. आदल्याच वर्षी झालेल्या केंद्रीय अपंग कायद्याच्या सात प्रकारांत ही अक्षमता नव्हती, त्यामुळे राज्याचं ते पाऊल मोठंच होतं. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, द्वितीय भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित, अशा त्या सवलती. अभ्यासात मागे पडलेलं मूल डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही यादी. हुशारी आणि अक्षमता दोन्ही असलेलं, भूमितीत रमणारं पण पानभर उत्तर लिहिताना अडणारं मूल तिच्यात दिसत नाही. अशा मुलाला जादा वेळ हवा असतो. अंकगणिताचा पर्याय त्याचं नुकसानच करतो.

खरा पेच सवलतींसाठी लागणाऱ्या अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा. रुळलेला निकष असा: बुद्ध्यांक ८५ किंवा वर, दृष्टी-श्रवण ठीक, आणि वाचन, लेखन किंवा गणिताची पातळी चालू इयत्तेच्या दोन वर्षं खाली. सहावीतल्या मुलाचा बुद्ध्यांक १३० आहे आणि प्रमाणित वाचन चाचणीत त्याला ९५ मिळतात असं धरू (दोन्हींची सरासरी १००). वर्गाच्या मानाने तो ठीक, म्हणजे प्रमाणपत्र नाही. त्याच्या स्वतःच्या आवाक्याच्या मानाने मात्र ३५ गुणांची दरी आहे. दोन्ही मोजपट्ट्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप, १५ असतं, तेव्हा ही दरी दोन विचलनांहून मोठी. वर्गाची बरोबरी तो ताडून वाचण्यावर आणि ऐकलेलं लक्षात ठेवण्यावर साधतो. जोडाक्षर फोडायच्या ऐवजी संदर्भावरून शब्द ओळखतो. अनोळखी किंवा निरर्थक शब्द वाचायला दिले की हे उघड होतं, म्हणून ती उपचाचणी गाळू नये. आठवी-नववीत दीर्घोत्तरं वाढली की हे कसब अपुरं पडतं, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो: ‘हुशार आहे, पण कष्ट घेत नाही.’

अमेरिकेत गाडी उलट दिशेने गेली. तिथल्या १९७७च्या नियमांनी क्षमता आणि संपादन (अभ्यासातली प्रत्यक्ष कामगिरी) यांतली तीव्र तफावत हाच निकष धरला होता. तफावत मोजण्याइतकी होईपर्यंत लहान मुलांना मदतीविना थांबावं लागे, म्हणून २००४च्या कायद्यानंतर राज्यांना तो निकष सक्तीचा करता येईना. टीका रास्त होती, पण जिथे तफावत पाहणंच थांबलं तिथे हुशार मुलं निसटण्याचा धोका वाढला.

एकूण बुद्ध्यांकही फसवतो. तो अनेक निर्देशांकांतून काढतात; त्यांत शाब्दिक आकलन १३४ आणि प्रक्रियेचा वेग (सोपी कामं झरझर उरकण्याचा वेग) ८४ असला, तर एकत्रित आकडा नुसता ‘बरा’ दिसतो आणि दोन्ही टोकं झाकली जातात. पालकांनी अहवालात प्रत्येक निर्देशांक वेगळा मागावा. वेळ लावून आणि वेळ न लावता, तोंडी आणि लेखी, अशी कामगिरीही शेजारी शेजारी पाहावी.

शब्दानेही घोटाळा केला. ‘अक्षमता’ म्हटलं की अनेकांना बुद्धीच कमी वाटते. वास्तविक ८५ची अट बुद्धी पुरेशी आहे हे ठरवण्यासाठीच घातलेली आहे.

२०१६च्या नव्या केंद्रीय अपंग कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता अपंगत्वाच्या २१ प्रकारांत आणली. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राचं किमान वय आठ ठरवलं आणि १४ व १८व्या वर्षी फेरतपासणी लावली. २०२०च्या शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेचे परिच्छेद चौथ्या प्रकरणात आणि अध्ययन अक्षमतेचे सहाव्यात आहेत. एकाच मुलात दोन्ही असतं, हे जोडून घ्यायचं काम शाळेवर सोडलं आहे.

शाळेत ते सहसा वेळापत्रकावर अडतं. उपचारात्मक तासासाठी विज्ञानाचा प्रयोग किंवा चित्रकलेचा तास काढून घेतात. म्हणजे मुलाला जे उत्तम येतं तेच आधी जातं. शिष्यवृत्ती परीक्षेतही एका पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न ज्याला सहज सुटतात, ते मूल प्रश्न वाचण्यातच हा वेळ घालवतं.